भूकंपाचा अभ्यास : नकाशा, कंपास आणि आपली घरे



११ डिसेंबर १९६७ आणि ३० सप्टेंबर १९९३ या दोन तारखा महाराष्ट्राला विसरता येणार नाहीत. पहिल्या तारखेच्या पहाटे कोयनानगर हादरले. दुसऱ्या तारखेच्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची अनेक गावे मातीला मिळाली. ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागांत पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत पाटण-कराडकडची माणसे आहेत, तशीच लातूर-उस्मानाबादकडचीही आहेत. त्यामुळे भूकंप हा आपल्या दृष्टीने केवळ पुस्तकातला विषय नाही. असे असूनही भूकंपाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात ऐकीव गोष्टींचा भरणा अधिक असतो.

महाविद्यालयात भूशास्त्राच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत भूकंपाचा जो अभ्यास करून घेतात, तो सोप्या रीतीने मांडण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात केला आहे. भूशास्त्र हा विषय मुंबईचे सेंट झेवियर्स, पुण्याचे फर्ग्युसन अशा मोजक्या महाविद्यालयांतच शिकवला जातो. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्याची तोंडओळख होते. इतरांना तीही होत नाही. परंतु या अभ्यासाला महागडी उपकरणे लागत नाहीत. शालेय नकाशासंग्रह, कंपासपेटी, पट्टी आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरे. दहावीचा विद्यार्थीसुद्धा तो घरी बसून करू शकेल.

जमीन का हादरते?

पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे बनले आहे आणि हे भूपट्ट अतिशय संथ गतीने सरकत असतात. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने उत्तर-ईशान्येकडे सरकतो व आशियाच्या भूखंडाला रेटतो. या रेट्यामुळे हिमालयात मोठे भूकंप होतात. पण ताण केवळ कडेलाच राहत नाही. तो भूपट्टाच्या आतही साठत जातो आणि जुन्या भेगा जेथे कच्च्या असतील तेथे खडक अचानक सरकतो. किल्लारीचा भूकंप अशा प्रकारचा होता. दख्खनचे पठार म्हणजे काळ्या पाषाणाचा अढळ ओटा, ही त्यापूर्वीची सर्वसाधारण समजूत त्या पहाटे मोडली.

खडक ज्या ठिकाणी सरकतो ती भूकंपाची नाभी, आणि नाभीच्या बरोबर वर जमिनीवर जो बिंदू येतो ते अपिकेंद्र. या दोन शब्दांची गल्लत करू नये. नाभी उथळ असेल तर वरच्या गावांना बसणारा हादरा जबर असतो. किल्लारीच्या भूकंपाची नाभी जेमतेम १० किलोमीटरच्या आत होती.

लहरींची शर्यत

नाभीपासून लहरी सर्व दिशांना निघतात. त्यांपैकी दोन प्रकार आपल्या प्रयोगाला हवेत.

पहिली प्राथमिक लहर. तिला पी लहर म्हणतात. कल्याण यार्डात उभ्या मालगाडीला इंजिन येऊन लागते तेव्हा धक्का डब्याडब्यातून मागे जातो. प्रत्येक डबा पुढे-मागे हलतो. पी लहर खडकातून अशीच जाते. दुसरी दुय्यम, म्हणजे एस लहर. दोरीचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे टोक हाताने झटकले असता दोरीत जशी नागमोडी लाट जाते, तशी ही लहर कण आडवे हलवीत पुढे सरकते. एस लहर द्रवातून जाऊ शकत नाही. यावरूनच पृथ्वीच्या गाभ्याचा बाहेरचा भाग द्रवरूप आहे, हे शास्त्रज्ञांना कळले.

पी लहर वेगवान आणि एस लहर मंद. प्रयोगासाठी आपण पी लहरीचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर आणि एस लहरीचा सेकंदाला ३.५ किलोमीटर धरू. मग १०० किलोमीटर अंतर कापायला पी लहरीला १६.७ सेकंद लागतात व एस लहरीला २८.६ सेकंद. दोघींत सुमारे १२ सेकंदांचा फरक पडतो. अंतर वाढेल तसा फरक वाढत जातो. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला यावरून वीज किती लांब पडली याचा अंदाज आपण करतो. येथेही तेच तत्त्व आहे. दोन लहरींमधील प्रत्येक सेकंदाच्या फरकामागे सुमारे ८.४ किलोमीटर अंतर, हा या प्रयोगापुरता आपला हिशेब.

लहरींची नोंद भूकंपमापक यंत्र करते. १८९७ च्या आसामातील महाभूकंपानंतर आपल्या देशात अशी यंत्रे बसविण्यास सुरुवात झाली. कलकत्त्याच्या अलिपूर वेधशाळेप्रमाणेच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही ती बसली. यंत्राने काढलेल्या नागमोडी रेषेला भूकंपालेख म्हणतात. त्यावर पहिला झटका पी लहरीचा. नंतर जेथे रेषा एकाएकी उंच-सखल होते तेथे एस लहर पोहोचली असे समजावे.

प्रयोग पहिला : भूकंप कोठे झाला?

पुणे, नागपूर आणि हैदराबाद येथील तीन भूकंपालेख आपल्यासमोर आहेत अशी कल्पना करा. पुढील आकडे सरावासाठी तयार केलेले आहेत; त्या दिवसाची ती प्रत्यक्ष नोंद नव्हे. १ सेंटिमीटर म्हणजे ५० किलोमीटर या प्रमाणाचा नकाशा घ्यावा.

पुणे : फरक ३६ सेकंद. ३६ × ८.४ = ३०२ किलोमीटर. नकाशावर ६ सेंटिमीटर.
नागपूर : फरक ५१ सेकंद. ५१ × ८.४ = ४२८ किलोमीटर. नकाशावर ८.६ सेंटिमीटर.
हैदराबाद : फरक २६ सेकंद. २६ × ८.४ = २१८ किलोमीटर. नकाशावर ४.४ सेंटिमीटर.

प्रथम कंपासमध्ये ६ सेंटिमीटर अंतर घेऊन पुण्याभोवती वर्तुळ काढा. भूकंप या वर्तुळावर कोठेतरी झाला एवढेच यावरून समजते. दिशा समजत नाही. मग नागपूरभोवती दुसरे वर्तुळ काढा. ही दोन वर्तुळे एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात. एक ठिकाण खानदेशात अमळनेरच्या आसपास येते, दुसरे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर. दोन्ही उत्तरे गणिताने सारखीच बरोबर आहेत. केवळ दोन साक्षी घेऊन जो निकाल देईल त्याचा अर्धा धोका येथे आहे. आता हैदराबादभोवती तिसरे वर्तुळ काढा. ते खानदेशाच्या जवळपासही जात नाही. दुसऱ्या ठिकाणाला मात्र जवळजवळ चिकटून जाते. नकाशावर ते ठिकाण वाचा : किल्लारीचा परिसर.

तीन वर्तुळे नेमकी एका टिंबात मिळत नाहीत, छोटासा त्रिकोण उरतो. विद्यार्थी येथे गडबडतात आणि खोडरबर घेऊन वर्तुळे जुळवू लागतात. तसे कदापि करू नये. खडकाप्रमाणे लहरींचा वेग बदलतो, सेकंद मोजण्यात फरक पडतो आणि पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते. हा त्रिकोण म्हणजे आपल्या उत्तराची मर्यादा. ती वहीत जशीच्या तशी दाखवावी. चौथ्या, पाचव्या ठिकाणची नोंद मिळाली की मर्यादा कमी होत जाते.

सरावासाठी एक उदाहरण : ठाण्यापासून किल्लारी सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आहे. तर ठाण्यात दोन लहरींमध्ये किती सेकंदांचा फरक पडेल? (उत्तर : सुमारे ४८ सेकंद.)

प्रयोग दुसरा : भूकंप किती मोठा?

वर्तमानपत्रांत ‘रिश्टर मापनावर इतकी तीव्रता’ असे छापून येते. शास्त्रात मात्र दोन वेगळी मापे आहेत. भूकंपात एकंदर किती ऊर्जा मोकळी झाली हे सांगते ती महत्ता. ती एका भूकंपाला एकच असते. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली मांडलेले माप हे महत्तेचे होय. एखाद्या ठिकाणी हादरा किती जाणवला, भांडी पडली की भिंती पडल्या, हे सांगते ती तीव्रता. ती गावागणिक बदलते. दिवा एकच असला तरी जवळच्याला उजेड जास्त व लांबच्याला कमी, तसे हे आहे.

महत्तेचा आकडा एकने वाढला की यंत्रावरील लहरीची उंची दहापट होते, आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. हा हिशेब ध्यानात ठेवला तर एक लोकप्रिय गैरसमज दूर होतो. ‘लहान धक्के बसत आहेत ते बरेच आहे, जमिनीतला जोर निघून जातो,’ असे लोक म्हणतात. ४.१ महत्तेच्या धक्क्याची किल्लारीच्या ६.२ महत्तेशी तुलना करून पाहा. किल्लारीची ऊर्जा सुमारे १४०० पट भरते! म्हणजे जोर निघून जाण्यासाठी तसे १४०० धक्के बसावे लागतील.

तीव्रतेचा अभ्यास तर घरबसल्या होतो. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा : १९६७ च्या त्या पहाटे तुम्ही कोठे होता? जाग आली का? मांडणीवरची भांडी वाजली का? भिंतीला तडा गेला का? १९९३ आणि २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपाबद्दलही हेच विचारा. उत्तरे गावाच्या नावासह नकाशावर मांडा आणि सारखा अनुभव आलेली गावे रेषेने जोडा. शास्त्रज्ञ तीव्रतेचे नकाशे याच पद्धतीने तयार करतात. आमची सूचना अशी की, संस्थेच्या विद्यार्थ्यांनी हे काम सुटीत हाती घ्यावे. १९६७ चे साक्षीदार आता थोडेच उरले आहेत.

माणसे कशाने मेली?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लोमा प्रिएटा येथे ६.९ महत्तेचा भूकंप झाला. त्यात ६३ माणसे दगावली. किल्लारीच्या भूकंपाची महत्ता ६.२, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने लोमा प्रिएटाच्या अकराव्या हिश्शाएवढी. मृतांची संख्या मात्र दहा हजारांच्या आसपास. नाभीची खोली, वेळ, वस्तीचे अंतर यांचा भाग त्यात आहेच. पहाटे चारच्या सुमारास माणसे गाढ झोपेत होती आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून पुष्कळजण उशिरा निजले होते. तरी सर्वांत मोठे कारण होते ते घर.

मराठवाड्यातली ती घरे दगडमातीची. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, परंतु आतला व बाहेरचा दगडी थर एकमेकांत गुंतवणारे जोडदगड नाहीत. मधे माती आणि चिपा. वर माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढलेले. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहतात, पण हादरा बसताच भिंतीचे दोन थर फाकतात आणि काही टन माती झोपलेल्या माणसांवर येते. त्याच गावांत कुडाच्या भिंतीच्या आणि गवती छपराच्या हलक्या झोपड्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ तगल्या, आणि पडल्या त्यांनीही फारसे जीव घेतले नाहीत. ज्याला बांधकामाची ऐपत नव्हती त्याचे छप्पर हलके होते व ज्याने पिढ्यान् पिढ्या भक्कम म्हणून वाडा राखला त्याचा वाडा कोसळला. दैव किंवा पाप-पुण्य यांचा येथे काही संबंध नाही. वजन आणि जोड यांचा आहे.

कारण कोणते मानावे?

हा प्रश्न आपल्या देशात पूर्वीही गाजला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा होय, असे महात्मा गांधींनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर स्वतः अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक. तरीही नैसर्गिक घटनेला नैतिक कारण चिकटविण्यास त्यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि गांधीजींनीही तो आपल्या ‘हरिजन’ पत्रात उत्तरासह छापला. अस्पृश्यता हा माणसाने माणसावर केलेला अन्याय आहे; तो वाईट ठरविण्यासाठी भूकंपाची साक्ष लागत नाही. उलट, भूकंप ही शिक्षा मानली तर ढिगाऱ्याखाली मेलेली दलित आणि गरीब माणसे कशाबद्दल शिक्षा भोगत होती, याचे उत्तर द्यावे लागेल. चुकीचे कारण मानले की खरे कारण शोधायचे राहून जाते आणि घर पुन्हा तसेच बांधले जाते.

आपल्या जिल्ह्याची स्थिती

‘आपल्याकडे कुठले भूकंप?’ असे म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे देतो. शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे पाणी आपण पितो. १९८३ साली त्याचा जलाशय भरत असताना खर्डी परिसरात धक्के सुरू झाले. त्यांतला सप्टेंबरमधील सर्वांत मोठा धक्का पाचच्या जवळपास महत्तेचा होता. कोयनेच्या शिवाजीसागराप्रमाणेच साठलेल्या पाण्याचे वजन आणि भेगांत झिरपणारे पाणी यांचा येथे संबंध लावला जातो. आधीच ताणलेल्या भेगेला पाणी निमित्त होते, असे त्याचे स्वरूप. दुसरे उदाहरण डहाणू-तलासरीचे. २०१४ पर्यंत हे तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. नोव्हेंबर २०१८ पासून तेथे धक्क्यांची मालिका लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ महत्तेचा धक्का बसला, आणि त्या धावपळीत पडून एका लहान मुलीचा जीव गेला. आदिवासी कुटुंबांनी थंडीत कित्येक रात्री घराबाहेर काढल्या.

किल्लारी परिसरातही १९९२ साली लहान धक्के बसले होते व पुढच्या वर्षी मोठा भूकंप झाला. डहाणूत धक्के बसूनही तसा मोठा भूकंप त्यामागून आला नाही. यावरून इतकेच शिकावे की भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगता येत नाही. ‘आज रात्री दोन वाजता मोठा धक्का आहे’ असा निरोप फिरू लागला तर तो खोटा समजावा, मग तो कोणाच्याही नावाने आलेला असो.

दिवस सांगता येत नाही, पण धोका कोठे जास्त ते सांगता येते. २००२ साली सुधारलेल्या भारतीय मानकाच्या नकाशात ठाणे-मुंबईचा भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात दाखविला गेला. त्यातही जमिनीचा फरक आहे. मुंब्र्याच्या डोंगराकडचा काळा पाषाण आणि कळवा, दिवा, डोंबिवलीच्या खाडीकाठचा चिखल यांवर हादरा सारखा बसत नाही. मऊ, भराव टाकलेल्या जमिनीत लहरींचा झोका वाढतो. हे पाहायचे असेल तर खोलगट परातीत बारीक वाळू घालून ती पाण्याने पुरती भिजवा, वर एक वीट उभी करा आणि परातीच्या कडेला सतत थोपटत राहा. पाणी वर येऊन वीट कलते. कोरड्या, घट्ट चोपलेल्या वाळूवर हाच प्रयोग करून फरक पाहावा.

भुज भूकंपाचे अपिकेंद्र अहमदाबादपासून २०० किलोमीटरहून अधिक दूर होते. तरी त्या शहरात अनेक बहुमजली इमारती कोसळून सातशेहून अधिक माणसे गेली. तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडून नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या इमारती त्यांत बऱ्याच होत्या. आपल्याकडे तर भूकंपाचीही गरज लागली नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत आपोआप कोसळली आणि ७४ माणसे मेली. तेथे राहणारी बहुतेक माणसे मजूर व गरीब होती. स्वस्त घराची किंमत कोण मोजतो, हे यावरून दिसते.

आपण काय करावे?

घर घेताना आपण नळ, फरशी, स्टेशनचे अंतर पाहतो. यापुढे चार प्रश्न आणखी विचारावेत. इमारतीला महापालिकेची परवानगी आहे काय? जमीन कोणती, भराव किती? आराखडा भूकंपाच्या मानकाप्रमाणे संरचना अभियंत्याने केला आहे काय? तळमजल्याच्या खांबांमध्ये पुरेशा भिंती आहेत काय? आपल्या वस्तीत बिगारी, सेंटरिंग व सळईकाम करणारी मंडळी आहेत. खांबातल्या रिंगा जवळजवळ असाव्यात व त्यांची टोके आतल्या बाजूला पुरती वळवलेली असावीत, हे त्यांनी जाणून घ्यावे. खांब फुटू लागला की याच रिंगा सळ्यांना धरून ठेवतात. गावी दगडी घर बांधायचे झाल्यास जोडदगड, दारा-खिडक्यांच्या वरून चहूकडे फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि हलके छप्पर या तीन गोष्टी विसरू नयेत. इमारतीला ३० वर्षे झाली की संरचनेची तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटीच्या सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा.

प्रत्यक्ष हादरा बसल्यास वरच्या मजल्यावरून जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नये. भक्कम टेबलाखाली बसून डोके व मान झाकावी, काचांपासून दूर राहावे आणि हादरा थांबल्यावर गॅस बंद करून बाहेर पडावे. बैठ्या कच्च्या घराचे दार हाताशी असेल तर मात्र तात्काळ मोकळ्या जागेत जावे.

विद्यार्थी मित्रहो, तीन वर्तुळे काढण्याचा प्रयोग लहान आहे. पण एका नोंदीवर निकाल देऊ नये, दुसरीवरही समाधान मानू नये, तिसरी मागावी आणि उरलेली मर्यादा लपवू नये, हा त्यातला धडा मोठा आहे. हीच कसोटी अफवेला लावा, हीच बिल्डरच्या जाहिरातीला लावा. जमीन केव्हा हलेल हे आपल्या हाती नाही. घर कसे उभे राहील हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. या वर्षी आपल्यापैकी निदान दहा विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करून आपल्या वह्या संस्थेच्या वाचनालयात ठेवाव्यात आणि निदान एका इमारतीची तपासणी त्यांच्या आग्रहाने व्हावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही हा लेख पूर्ण करतो.